सटीप ‘मोबी-डिक’ : काही महिन्यांच्या वाचनानंतर

हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाच्या ‘मोबी-डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीची सटीप इंग्रजी आवृत्ती मी गेले काही महिने रोज थोडी थोडी वाचत आलो आहे. देवमाशाची शरीररचना, चरबी वितळवून तेल काढण्याची पद्धत, दोर आणि हार्पून (देवमाशावर फेकायचा भाला) यांवरची प्रकरणे गाळून कथानक तेवढे वाचावे, हा नेहमीचा सल्ला मला मुळीच पटत नाही. साठावे प्रकरण केवळ दोराविषयी आहे : हार्पूनला बांधलेला तो दोर होडीतल्या प्रत्येक वल्हेकऱ्याच्या अंगाभोवतून कसा जातो आणि मासा पळू लागताच त्याचा वेढा माणसाला कसा ओढून नेऊ शकतो, हे मेलव्हिल सावकाश सांगतो. कादंबरीतल्या शिकारी जहाजाचा कप्तान अहाब याचा शेवट याच दोराने होतो. ते प्रकरण गाळणाऱ्याला हा शेवट निव्वळ अपघात वाटेल.

हा तपशील अनुभवातून आलेला आहे. जानेवारी १८४१ मध्ये मेलव्हिल ‘अकुश्नेट’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला, आणि २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिकमध्ये देवमाशाच्या धडकेने बुडालेल्या ‘एसेक्स’ या जहाजाची हकिकत, तिचा लेखक ओवेन चेस याच्या मुलाकडूनच, त्याला समुद्रावर वाचायला मिळाली. टिपांमुळे हे धागे जागच्या जागी उलगडतात. पंचावन्नाव्या प्रकरणात तर देवमाशाचे सर्वांत जुने चित्र आपल्या घारापुरीच्या लेण्यांत मत्स्यावताराच्या रूपाने असल्याचे म्हटले आहे. ती लेणी प्रामुख्याने शिवाची. तेव्हा इथे सविस्तर टीप हवीच होती, ती मात्र एका ओळीत आटोपली आहे.

टिपा पुस्तकाच्या शेवटी असल्याने सतत पाने उलटावी लागतात आणि त्यांचा टाइपही फार बारीक आहे. प्रस्तावनेने मात्र समाधान केले. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला निघालेल्या तीन खंडांच्या आवृत्तीत उपसंहारच नव्हता, त्यामुळे जहाजासह सगळेच बुडाले तर ही कथा सांगितली कोणी, असा आक्षेप तिथल्या समीक्षकांनी घेतला. नोव्हेंबरमधल्या न्यूयॉर्कच्या आवृत्तीत निवेदक कसा वाचला हे सांगणारा तो उपसंहार होता, तरीही पुस्तक फारसे खपले नाही. पुढे मेलव्हिलने न्यूयॉर्कच्या जकात खात्यात १९ वर्षे निरीक्षकाची नोकरी केली आणि १८९१ मध्ये, जवळजवळ विस्मृतीत गेलेला असताना, तो वारला. १९१९ च्या जन्मशताब्दीनंतर या कादंबरीकडे पुन्हा लक्ष गेले. आज अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग (देवमाशांच्या शिकारीच्या) संग्रहालयात दर जानेवारीत वाचक आळीपाळीने ती अथपासून इतिपर्यंत सलग मोठ्याने वाचतात, आणि त्यात ही शिकारीची प्रकरणेही वाचली जातात.