मानेच्या मणक्यांचे मॉडेल: हाडे नेटकी, सांधे चुकलेले

मेडिकल, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग अशी सगळी कॉलेजे बेळगावातच असल्यामुळे कवटीच्या तळाचा तुकडा आणि त्याखाली सात मणके असलेले प्लॅस्टिकचे मॉडेल इथे सहज मिळते. नेहरूनगर भागात पुस्तकांबरोबर मिळते, घरपोचही येते. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकातले सांध्यांचे वर्गीकरण पाठ करण्यापेक्षा हातात धरून कळणे फार सोपे जाते, म्हणून हे मॉडेल घ्यावे असेच आमचे मत आहे. मात्र कुठले घ्यायचे आणि घेतल्यावर त्यात काय दुरुस्त करायचे, हे माहीत हवे. बाजारातल्या बहुतेक मॉडेलांत हाडे बरी असतात, पण सांधे चुकीचे दाखवलेले असतात, आणि वर्गीकरण शिकायचे ते नेमके सांध्यांचे.

दोन प्रकार मिळतात. एकात मधून लवचीक सळी घालून मणके आणि त्यांच्यामधल्या गादीसारख्या चकत्या चिकटवलेल्या असतात, बाजूने पिवळ्या नसा आणि तांबडी रक्तवाहिनी काढलेली असते, खाली स्टँड असतो. दुसऱ्यात सातही मणके सुटे, नायलॉनच्या दोरीवर ओवलेले. पहिला दिसायला देखणा आणि महाग. शिकायला दुसराच घ्या. मणका सुटा करून वरून-खालून पाहता आला नाही तर सांध्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, आणि तो दिसला नाही तर उरते ते फक्त पाठांतर.

घेताना दुकानातच पाच मिनिटे द्या. आधी पहिला मणका, ॲटलास. याला पिंड, म्हणजे मणक्याचा पुढचा भरीव भाग, नाही, मागे काटा नाही, नुसते कडे आहे. वरचे दोन सांधेपृष्ठ मूत्रपिंडासारखे लांबट आणि खोलगट हवेत, खालचे गोलसर आणि बरेचसे सपाट. दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील तर ते मॉडेल परत ठेवा, कारण तोंडी परीक्षेत ॲटलास उलटा धरला जातो तो याच गोंधळामुळे. पुढची कमान आखूड, साधारण कड्याचा पाचवा हिस्सा. मागची तिच्या दुप्पट. मागच्या कमानीच्या वरच्या बाजूला, सांध्याच्या लगेच मागे, रक्तवाहिनीची खाच बोटाच्या नखाला लागली पाहिजे.

मग दुसरा, ॲक्सिस. त्याचा दात, म्हणजे वर निघालेली हाडाची खुंटी, सुमारे दीड सेंटिमीटर उंच असतो. घरपोच आलेल्या खोक्यांत हाच तुटलेला निघतो, तेव्हा पार्सल उघडल्या उघडल्या तो पाहा. दाताच्या पुढच्या अंगाला एक छोटा गुळगुळीत अंडाकृती डाग हवा, तिथे ॲटलासची पुढची कमान टेकते. मागच्या अंगाला अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधणारा चिवट पट्टा, घासतो त्याची उथळ खाच हवी. आता दोन्ही मणके जुळवून वरून कड्यात पाहा. दाताच्या पातळीवर कड्याच्या पुढून-मागच्या मापाचा एक तृतीयांश भाग दाताचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि एक तृतीयांश मोकळा, हा जुना आणि भरवशाचा हिशेब आहे. मोठ्या माणसात तो ढोबळमानाने एकेक सेंटिमीटर पडतो. पट्टी लावून मोजा. दात जाडजूड करून ठेवला असेल तर मज्जारज्जूला जागाच उरत नाही, आणि संधिवातात दात मागे सरकला की धोका का, हे विद्यार्थ्याला त्या मॉडेलवर कधीच पटणार नाही.

तिसरा ते सहावा एकाच घराण्यातले: लहान, आडवा रुंद पिंड, त्रिकोणी मोठे छिद्र, दुभंगलेला काटा, आडव्या प्रवर्धात, म्हणजे बाजूला निघालेल्या फाट्यात, भोक. सहाव्याचा पुढचा उंचवटा जरा ठळक हवा. गळ्यातली मोठी धमनी त्यावर दाबता येते. सातव्याचा काटा लांब आणि न दुभंगलेला. त्याच्या आडव्या प्रवर्धातले भोक लहान असते.

आता सांधे. गळ्याच्या या वीतभरही नसलेल्या भागात तंतुमय, कूर्चामय (कूर्चा म्हणजे मऊ, लवचीक हाड) आणि वंगणद्रवाचा, असे रचनेनुसारचे तिन्ही वर्ग एका ठिकाणी सापडतात. एवढी सोयीची जागा शरीरात दुसरी क्वचितच.

वंगणद्रवाचे, म्हणजे सायनोव्हियल, सांधे मोजून दाखवा. कवटी आणि ॲटलास यांत दोन, लंबवर्तुळाकार प्रकारचे. ‘हो’ म्हणताना मान हलते ती इथे. ॲटलास आणि ॲक्सिस यांत तीन: दोन बाजूंचे सपाट आणि मधला खुंटीचा. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापासून सातव्या आणि छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंत सहा पातळ्यांवर मागच्या बाजूला जोडीजोडीने बारा. एकूण सतरा. मधल्या खुंटीच्या सांध्याची गंमत अशी की त्यात पोकळ्या दोन आहेत, एक दात आणि पुढची कमान यांच्यामध्ये, दुसरी दात आणि मागचा आडवा अस्थिबंध यांच्यामध्ये. जात्याच्या खालच्या तळीतल्या खिळ्याभोवती वरची तळी फिरते तसाच हा सांधा फिरतो, फक्त इथे खिळा मधोमध नाही, पुढच्या कडेला आहे आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा तो एक अस्थिबंध आहे.

आणि तोच अस्थिबंध बाजारातल्या मॉडेलांत नसतो! ज्याच्यामुळे हा सांधा सांधा ठरतो तीच वस्तू गाळलेली. ही आमची या मालाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार. दोरीवरच्या मॉडेलात ॲटलास पुढे ओढला तर तो सहज निसटतो आणि मूल समजते की नुसती हाडांची ठेवण मान धरून ठेवते.

दुसरी चूक चकत्यांची. कवटी-ॲटलास आणि ॲटलास-ॲक्सिस या दोन पातळ्यांवर चकती नसते. पहिली चकती दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामध्ये, शेवटची सातव्या मणक्याखाली, एकूण सहा. चिकटवलेल्या मॉडेलांत ॲटलासखालीही आधाराला रबराची गादी दिलेली आढळते. ती चकती नाही, हे स्पष्ट सांगा, नाहीतर ब्लेडने काढून टाका. खरी चकती हा दुय्यम कूर्चामय सांधा, म्हणजे सिंफिसिस; हालचालीच्या वर्गीकरणात थोडी हालचाल देणारा. मानेत ती पुढे जाड, मागे पातळ असते, त्यातूनच मानेचा पुढे झुकणारा बाक येतो. सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या असतील तर मॉडेलची मान काठीसारखी सरळ उभी राहते. दुरूनही ओळखता येते.

प्राथमिक कूर्चामय सांधा मोठ्या माणसाच्या मानेत दिसत नाही, पण त्याची खूण दातात आहे. दात हा मुळात ॲटलासचाच पिंड. वाढीत तो ॲक्सिसला जोडला जातो. लहानपणी त्यांच्यामध्ये कूर्चा असते आणि साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात ती हाडात बदलते. लहान मुलाच्या एक्स-रेत तिथे रेघ दिसली म्हणून लगेच मोड समजू नये. मॉडेलवर दाताच्या मुळाशी पेन्सिलने एक आडवी रेघ मारून ठेवा, पुरते.

तंतुमय वर्ग म्हणजे मणक्यांच्या मागच्या कमानीतल्या हाडाच्या पट्ट्यांना जोडणारे अस्थिबंध, त्यांतला पिवळा लवचीक अस्थिबंध मुख्य. यांना सिंडेस्मोसिस म्हणतात. चिकटवलेल्या मॉडेलात ही जागा मोकळीच असते.

राहिला पिंडांच्या कडांवरचा वाद. तिसऱ्या ते सातव्या मणक्याच्या वरच्या कडा दोन्ही बाजूंना ओठासारख्या वर उचललेल्या असतात आणि वरच्या मणक्याशी त्यांचा जो संबंध येतो त्याला लुश्काचा सांधा म्हणतात. तो खरोखर सायनोव्हियल की चकतीतच वयाने पडलेली चीर, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. परीक्षेत दोन्ही बाजू सांगा. मॉडेलमध्ये मात्र हे ओठ उठावदार हवेत. साच्यात सपाट झालेले असतील तर इथे वाढलेले हाड नसेच्या वाटेत कसे येते, ते दाखवता येणार नाही.

हालचाल तपासताना ॲक्सिस एका हातात घट्ट धरून ॲटलास वळवा. मान एका बाजूला जेवढी वळते त्यातली जवळजवळ निम्मी, सुमारे चाळीस अंश, याच एका पातळीवर मिळते. सळीचे मॉडेल वळवले तर सातही मणके सारखेच पिळले जातात. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला हे फार चुकीचे शिकवते. खालच्या सांध्यांचे पृष्ठ आडव्या पातळीशी साधारण ४५ अंशांत तिरपे असतात, म्हणून मान बाजूला कलली की थोडी त्याच बाजूला वळतेही. सुट्या मॉडेलवर दोन मणके एकमेकांवर सरकवून हे नीट दिसते.

ओझ्याचा रस्ताही असाच दाखवा. डोक्यावर भाजीची बुट्टी घेतली की भार कवटीच्या दोन उंचवट्यांवरून ॲटलासच्या दोन बाजूंच्या जाड भागांवर येतो, तिथून ॲक्सिसच्या खांद्यांवर. तिथपर्यंत दोनच खांब. ॲक्सिसच्या खाली ते तीन होतात: पुढे पिंड आणि चकत्या, मागे सांध्यांचे दोन खांब. वरून जोराचा आघात झाला की ॲटलासचे कडे पुढे-मागे फुटते ते का, हे इथे बोट ठेवून समजते.

रक्तवाहिनी आणि नसांची तपासणी थोडक्यात. मणक्यातली धमनी बहुधा सहाव्या मणक्याच्या भोकात शिरते. सातव्याच्या भोकातून ती ओवलेली दिसली तर मॉडेल चुकले. तिथून नेहमी जातात त्या बारीक शिरा. वर ॲटलासमधून बाहेर पडल्यावर ती मागे वळून खाचेत बसते आणि मगच कवटीत जाते. या वळणामुळेच मान वळली तरी ती ताणली जात नाही. सरळ नळी घुसवलेली असेल तर हा मुद्दा गेला. नसा आठ जोड्या हव्यात, सात नव्हेत. पहिली ॲटलासच्या वरून, आठवी सातव्या मणक्याखालून. पाचव्या-सहाव्यामधली चकती सरकली की सहावी नस दबते, सातवी नाही.

घरी दुरुस्ती करायला संध्याकाळ पुरते. सायकलच्या जुन्या ट्यूबची सहा-सात मिलिमीटर रुंद पट्टी कापा. ॲटलासच्या आत, दोन्ही बाजूंच्या छोट्या उंचवट्यांवर पॉलिश पेपर घासून मग फेविक्विकने पट्टी चिकटवा. न घासता चिकटवली तर आठवड्यात सुटते. पट्टी अशी ताणा की दात आणि कमान यांत पोस्टकार्ड जेमतेम सरकेल. खऱ्या मोठ्या माणसात ही फट तीन मिलिमीटरच्या आत असते. चकत्या सहा मिलिमीटरच्या योगा मॅटमधून कापा आणि मागची कड तासून चार मिलिमीटर करा. पिवळ्या अस्थिबंधाला पिवळी इलॅस्टिक, धमनीला तांबडी लोकर, एका बाजूला तीस सेंटिमीटर भरपूर होते. सायनोव्हियल पृष्ठांवर तांबडी, चकतीच्या पृष्ठांवर निळी आणि तंतुमय जागी पिवळी नेलपॉलिश लावली की वर्गीकरण एका नजरेत. नेलपॉलिश काढायला ॲसिटोन किंवा थिनर वापरू नका, प्लॅस्टिक चिकट होऊन जाते.

आयुर्वेदाच्या मुलांना याच मॉडेलवर सुश्रुताचे आठ संधिप्रकारही बसवायचे असतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थान या भागात २१० संधी सांगून मान आणि पाठीच्या कण्यातले संधी ‘प्रतर’ म्हटले आहेत, म्हणजे एकावर एक तरंगत सरकणारे. खालच्या सपाट सांध्यांना हे नाव चपखल लागते. मानेत आठ संधी सांगितले आहेत आणि कवटीपासून छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंत पातळ्याही आठच भरतात. तरी ओढून जुळवणी करू नये, कारण मानेतली हाडे तिथे नऊ मोजली आहेत. कृकाटिका मात्र जरूर दाखवा. डोके आणि मान यांच्या सांध्यावरची ही दोन मर्मे, आणि इजा झाली तर डोके हलत राहते, ‘चलमूर्धता’, असे फळ सांगितले आहे. बोट ठेवायचे ते कवटी आणि ॲटलास यांच्या फटीवर.

खऱ्या हाडांची जागा प्लॅस्टिक पूर्ण घेत नाही. खऱ्या ॲटलासमध्ये धमनीच्या खाचेवर कधी हाडाचा पूल असतो, डावे-उजवे भोक सारखे नसते. साच्यातला प्रत्येक मणका मात्र एकसारखाच निघतो. भारतातून मानवी हाडांची निर्यात १९८५ साली बंद झाली आणि जगभर प्लॅस्टिकची मॉडेले वाढली. आपल्याकडे कॉलेजच्या विच्छेदनगृहात अजून खरा मणका हातात येतो, ती संधी सोडू नका. आधी मॉडेल, मग खरे हाड, याच क्रमाने.

निपाणी-खानापुरातल्या छोट्या फिजिओथेरपी दवाखान्याला पेशंटला समजावण्यापुरते सळीचे मॉडेल चालेल. फक्त नसांची संख्या आणि ॲटलासखालची गादी तपासून घ्या. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, स्टँडचे लोखंडी स्क्रू आणि आतली सळी गंजते आणि तांबूस डाग मणक्यांवर उतरतात, ते निघत नाहीत. जून यायच्या आधी पितळी स्क्रू बसवा, दोरी नायलॉनची ठेवा, आणि मॉडेल साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर ॲटलासचे कडे वाकते आणि मग ते दातावर बसत नाही.