इंजिनाची हवा 'थंड' करायला गेलो आणि २६,८३० रुपये घालवून बसलो

लिहू की नको, यात दोन महिने गेले. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. ओळखीतले लोक वाचतील याची लाज वाटते. पण माझ्या गाडीत 'कूलिंग'चा डबा बसवणाऱ्या दुकानाची रील काल पुन्हा मोबाइलवर आली. तोच काळा डबा, तोच स्कॅनर, गाडी दुसऱ्याची. मग लाज बाजूला ठेवली.

आमच्या विदर्भात मे महिन्यात गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नवतपा सुरू, बाहेर ४४, एसी चालू, आत चार माणसं, आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी दम टाकते. माझी पेट्रोल हॅचबॅक २०१९ ची आहे. सर्व्हिस सेंटरने दोनदा "सगळं नॉर्मल आहे सर" म्हणून परत पाठवलं. मी काही हौसेने मॉडिफिकेशन करायला गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. रोजचं ३८ किलोमीटर जाणं-येणं आहे, गाडी ओढत नव्हती म्हणून गेलो.

दुकानदाराचं म्हणणं असं, की इंजिन गरम हवा ओढतं आणि गरम हवा विरळ असते. हे खरंच आहे, आणि म्हणूनच मी ऐकत राहिलो. उपाय म्हणून त्याने कंपनीचा प्लास्टिकचा एअर बॉक्स (हवेचा फिल्टर असतो तो बंद डबा) काढून चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप आणि शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर सुचवला. किंमत ११,८०० रुपये. "इनटेक कूलिंग मॉड्यूल" म्हणून काळा डबा, ४,५०० रुपये. फिटिंग १,२००. जुना एअर बॉक्स एक्सचेंजमध्ये, ५०० रुपये वजा. एकूण १७,०००. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर. मी कच्च्या पावतीवर घेतलं आणि पैसे एका खासगी नंबरवर यूपीआयने दिले. पक्क्या बिलाचे ते पैसे वाचवू नका. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

आता तो क्षण. फिटिंग झाल्यावर त्याने स्कॅनर लावला. इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान २६ अंश. आधी ६१ होतं. "बघा सर, ३५ अंशांचा फरक, १८ टक्के पॉवर." बाहेर ४३ होतं. मी स्वतः मोबाइलवर पाहिलं होतं. एक चक्कर मारून आलो तरी २६. बॉनेट बंद करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं तरी २६च. आकडा एका अंशानेही हलला नाही.

मी प्रॅक्टिकलला मुलांना दरवर्षी सांगतो, सुई हलत नसेल तर वाचन लिहू नका, आधी जोडणी तपासा. आणि मी त्या न हलणाऱ्या २६ कडे पाहून मान डोलावली. नुसत्या पाइपातून जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ४३ ची हवा फार तर ४३ च्या जवळ ठेवता येते, त्याखाली न्यायला एसीसारखी यंत्रणा लागते. हे मला ठाऊक होतं. दुकानदार व्हेंचुरी, व्हेंचुरी (अरुंद नळीत हवेचा वेग वाढतो ते तत्त्व) म्हणत होता, मला घरी जायची घाई होती, आणि मला ते खरं व्हायला हवं होतं. त्याचा हिशेबसुद्धा तिथेच पडत होता. ६१ वरून खरोखर २६ झालं असतं तरी हवा जेमतेम ११-१२ टक्के दाट होते. १८ कुठून आणले? वहीत दोन ओळींचं गणित होतं, मी ते मांडलं नाही.

आठवड्यात चढावर इंजिन खडखडू लागलं. मायलेज १७ वरून १३ वर आलं. परत गेलो तर "री-मॅपिंग"चे, म्हणजे गाडीच्या संगणकाची सेटिंग बदलण्याचे आणखी २,५०० घेतले. एकोणिसाव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी ०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त.

आमच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकने तो डबा फोडला. आत इपॉक्सी, दोन वायरी आणि दोन किलोओहमचा एक रेझिस्टर. बाजारात तो एक-दोन रुपयांना मिळतो. तापमानाच्या सेन्सरची वायर कापून त्या जागी तो जोडला होता. गाडीच्या संगणकाला कायम वाटत होतं, की हवा गार आणि दाट आहे. म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत होता आणि गरम हवेत प्लगच्या ठिणगीची वेळ जितकी मागे घ्यायला हवी तितकी घेत नव्हता. खडखड त्याचीच. सेन्सर नीट जोडल्यावर रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलो असताना ६८ अंश दिसले. उघडा फिल्टर बॉनेटमधलीच तापलेली हवा ओढत होता, आणि अॅल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर तापतं. कंपनीचा बॉक्स निदान ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. जुना भाग दुकानात सोडून येऊ नका, मोडका असला तरी.

एअर बॉक्स ४,३५०, चार प्लग १,४८०, वायरिंग ९००, स्कॅनिंग ६००. आधीचे १९,५०० धरून २६,८३० रुपये.

आणि मग दारोदार. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" तिसऱ्यांदा, "मास्तर असून तुम्हाला कळलं नाही?" आणि ही दिवाणी बाब आहे म्हणून वाटेला लावलं. खोटा आकडा दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं होतं? परिवहन कार्यालयात तर उलट मलाच कलम ५२ दाखवलं, की गाडीत बदल तुम्ही केलात, कारवाई तुमच्यावरच होईल. गावात उघड्यावर दुकान चालतं, रोज रील टाकतं, ते यांना दिसत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. तीन आठवड्यांनी मेसेज आला, विक्रेत्याचं उत्तर नाही, तक्रार बंद. उत्तर न देणाऱ्याचीच तर तक्रार होती! सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले. वॉरंटीवाल्यांनी वायर कापलेली पाहून हात वर केले. कोणी एक ओळ लिहून घेईना. रजा गेल्या त्या वेगळ्याच.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही.

घरी काही करायचंच असेल, तर एअर बॉक्सची पुढची नळी जागेवर बसली आहे का ते बघा, सर्व्हिसिंगनंतर ती बरेचदा सुटलेली असते. बॉनेटचं रबर, फिल्टर, रेडिएटरच्या पट्ट्यांतली माती आणि किडे पाहा. इतकं केल्यावर माझ्या गाडीला चालत्या रस्त्यावर बाहेरपेक्षा आठ-दहा अंशच जास्त दिसतात. स्कॅनरचा डोंगल (गाडीला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं छोटं यंत्र) स्वतःचा घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. सकाळी थंड इंजिनावर आणि दुपारी गरम इंजिनावर इनटेकचा आकडा बघा. तो हललाच पाहिजे.

आणि ज्यांच्या गाडीत असा डबा बसला आहे त्यांनी तो फोडू नका. गाडीत असतानाच व्हिडिओ काढा, गाडीचा नंबर आणि कापलेली वायर एकाच चित्रात येऊ द्या. माझा डबा आम्ही रागाच्या भरात हातोडीने फोडला. आता दुकानदाराचं लेखी उत्तर आलं आहे, की हा डबा आमच्या दुकानातला नाहीच.