निळी मधुमालती आणि सब्जा

मृग लागायच्या आत गच्चीत दोन-चार वेली लावाव्यात म्हणून मे महिन्यात मोबाइल चाळत होते, आणि जाहिरातीत निळी मधुमालती दिसली. मधुमालती पांढरी उमलते, गुलाबी होते, मग लाल. लहानपणापासून दारात पाहिलेली आहे. तरी बोट गेलंच. बारा वेलींचं बी 399 रुपयांत, पैसे पार्सल हातात आल्यावर.

बारा चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पुड्या आल्या. प्रत्येकीवर झकास फोटो, बाकी काही नाही. लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही, उगवण किती टक्के ते नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. भेंडी-गवारीच्या साध्या पाकिटावरही हे छापलेलं असतं. मी मात्र फोटोच बघत बसले.

गोकर्णाचं बी टणक, म्हणून मी ते रात्रभर भिजवून लावते. त्याच सवयीनं थोडं थोडं बी वाट्यांमध्ये भिजत घातलं. सकाळी निळ्या मधुमालतीच्या वाटीत काळ्या ठिपक्यांचा बुळबुळीत गोळा! सासूबाईंनी चमच्यानं ढवळलं आणि म्हणाल्या, "अगं, सब्जा आहे हा. दूध आण, फालुदा करू."

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण एखादी पुडी चुकली असेल, अशी मनाची समजूत घालून बाकीच्या लावल्या. 'लाल जाई'ला पाचव्या दिवशी कोंब आले तेव्हा केवढा आनंद! पंधरा दिवसांत लाल माठ ओळखू आला. त्याची भाजी मात्र झाली, खोटं कशाला बोलू. सात कुंड्यांत काहीच उगवलं नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "मॅडम, तुमची माती जड असेल, पाणी जास्त झालं असेल." आणि मला ते पटलं! कोकोपीट आणलं, कुंड्या सावलीत हलवल्या, पुन्हा पेरलं. परत करायची मुदत सात दिवसांची, बी उगवायला लागतात दहा-पंधरा. सगळी गोम इथंच आहे. तक्रार करावीशी वाटेपर्यंत मुदत उलटलेली असते, आणि तोवर आपण आपल्याच हाताला दोष देत बसतो.

नंतर ओळखीच्या रोपवाटिकेतल्या काकांना पुड्या दाखवल्या. ते हसलेच. मधुमालती आपल्याकडे क्वचितच बी धरते. तिचे फुटवे किंवा फांदी लावतात. जाई-जुईचं दाब कलम. बोगनवेल, संक्रांतवेल, लसूणवेल यांचीही फांदीच. बियांपासून सहज येतात त्या गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी. बारापैकी एकच पुडी खरी निघाली, गोकर्णाची. त्याच्या वाळक्या शेंगा शेजारच्या कुंपणावर फुकट लोंबतायत.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पुडी उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता; तुम्ही काढा. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता त्यात जांभळी सायलीही आहे.