आठ महिने वाय-फाय लेझर प्रिंटर: लाईट गेली की 'ऑफलाईन'

तहसील कचेरीसमोर आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर विंडोज १०. छपाईबद्दल तक्रार नाही, सातबाऱ्यावरची बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ उमटतात. डोकं फिरवलं ते 'प्रिंटर ऑफलाईन' या दोन शब्दांनी.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. लाईट येऊन प्रिंटर सुरू व्हायचा, वाय-फायचा दिवाही लागायचा, आणि स्क्रीनवर मात्र ऑफलाईन. गिऱ्हाईक म्हणणार, "दादा, लाईट आली की आता!" मग प्रिंटर काढून टाका, पुन्हा जोडा. पुढची लाईट जाईपर्यंत चालायचा. सर्व्हिसवाल्यानेही दोनदा येऊन हेच केलं.

शेवटी प्रिंटरवरूनच नेटवर्कच्या माहितीचं पान छापलं. त्यावर आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, होता १९२.१६८.१.७, आणि कॉम्प्युटर शोधत होता १९२.१६८.१.५. राउटर बंद होऊन सुरू झाला की पत्ते नव्याने वाटायचा, आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर थापा मारत बसायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा राखून ठेवला. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्समध्ये त्याच पत्त्याचा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट केला, म्हणजे कॉम्प्युटर थेट त्याच पत्त्यावर प्रिंट पाठवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजने आपणहून डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारी जोडणी) लावला होता, तोही बदलला. तरी तिथे ऑफलाईनच, पिंगला (पत्त्यावर कोणी आहे का, अशी हाक) मात्र उत्तर येत होतं! कॉन्फिगर पोर्टमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारणारी सोय) खूण काढली आणि सुटलो.

त्याआधी एक उद्योग करून झाला होता: प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून दुसऱ्याला शेअर करणे. तिथे ११बी ने संपणारा एरर आला. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर हा एरर बऱ्याच जणांना आला होता. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) ती सुरक्षाच बंद करा, असा उपाय सर्रास सांगतात. एररसाठी दाराचं कुलूप काढायला माझं मन धजलं नाही. दोन्ही कॉम्प्युटर थेट प्रिंटरशी जोडले की शेअरिंगची गरजच उरत नाही.

एखादी प्रिंट अडकून बसलीच तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करतो, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. आणि घेण्याआधी बघून घ्या, हा प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतो.

राउटर आता इन्व्हर्टरवर आहे. प्रिंटर नाही, कारण लेझर तापताना फार वीज ओढतो. पाचपैकी चार तारे. एक कापला तो मोबाइल अ‍ॅपसाठी, साधं स्कॅन करायलाही लॉगिन मागतं मेलं.