राणीगंजचा कोळसा: दामोदर नदी की रेल्वे?

एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या राणीगंजच्या खाणींतला कोळसा कलकत्त्याला न्यायचा, तर दामोदरचा रस्ता फुकटचा, पण लहरी. पावसाळ्यात पूर आला की घाटांवरच्या कोळशाच्या राशी घाईघाईने होड्यांत भरायच्या आणि प्रवाहाबरोबर कलकत्त्याकडे सोडायच्या. पाणी ओसरलं की उरलेला माल पुढच्या पावसापर्यंत तिथेच पडून. माल पडून म्हणजे भांडवल अडकून, शिवाय उघड्यावर कोळशाचा चुरा होतो तो वेगळाच. द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर कंपनीने १८३६ मध्ये राणीगंजची खाण घेतली, तेव्हा मोठ्या प्रमाणावर माल हलवायला नदीच होती.

१८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे राणीगंजला पोचली आणि कोळसा बारमाही हलू लागला. खर्च मात्र अफाट. त्यावर रेल्वे कंपनीला ५ टक्के परताव्याची हमी सरकारची, म्हणजे शेवटी रयतेच्या करातून! गंमत म्हणजे गाडी थांबायची हावड्याला आणि कलकत्ता शहर हुगळीच्या पलीकडे. तिथला तरंगता पूल झाला १८७४ मध्ये, नदीच्या वरच्या अंगाला नैहाटीकडचा रेल्वेचा जुबिली पूल १८८७ मध्ये. तोवर शेवटच्या टप्प्याला होड्यांची गरज सुटली नाहीच.

तरी माझा कौल रेल्वेलाच. मुंबईच्या गिरण्यांना मात्र हा कोळसा लांब पडे. त्या कितीतरी वर्षं विलायती कोळसा जाळत राहिल्या.