तट उभा राहण्याआधी: सिव्हिलायझेशन सिक्समधील आरंभीच्या आक्रमणाचा अनुभव

सिव्हिलायझेशन सिक्स हा संगणकावरचा, पाळीपाळीने चाली करून राज्य उभारण्याचा खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर २०१८ मध्ये राइज अँड फॉल व २०१९ मध्ये गॅदरिंग स्टॉर्म अशा त्याच्या दोन मोठ्या पुरवण्या आल्या. जळगावात माझ्या परिचयाच्या मंडळींत हा खेळ आजही नेमाने खेळला जातो. मी स्वतः गेले कित्येक महिने तो दोन्ही पुरवण्यांसह आणि बहुतेक वेळा डीइटी या सर्वांत कठीण पातळीवर खेळत आहे. खेळाची सर्वसाधारण ओळख करून देणारे लेखन पुष्कळ आहे. म्हणून येथे मी एकाच अंगाचा विचार करणार आहे, तो म्हणजे पहिल्या साधारण साठ टर्नमध्ये, म्हणजे पाळ्यांत, शेजारच्या राज्यावर चाल करून त्याची शहरे जिंकण्याचा. माझ्या अनुभवात या युद्धाचा निकाल जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नावर ठरतो: शत्रूच्या शहराभोवती तट उभा राहण्याआधी आपले सैन्य तेथे पोहोचते की नाही. बाकीची सारी तयारी या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी यावे यासाठीच करायची असते.

इतक्या लवकर युद्ध करावेच कशाला, असे अनेक जण विचारतात. डीइटी पातळीवर संगणकाच्या प्रत्येक राज्याला आरंभी तीन सेटलर (नवे शहर वसवणाऱ्या तुकड्या) आणि पाच वॉरियर (हातघाईचे पायदळ) मिळतात, तर आपल्याला एक सेटलर आणि एक वॉरियर. शिवाय त्याच्या प्रत्येक तुकडीला लढाईत ४ बळ अधिक मिळते. ही दरी शांतपणे शेती आणि बांधकाम करून भरून काढता येते, परंतु त्यास फार वेळ लागतो आणि तोपर्यंत चांगली जमीन शेजाऱ्याने व्यापलेली असते. येथे साधा हिशेब मांडून पाहावा. पहिल्या सेटलरला ८० उत्पादन लागते आणि पुढच्या प्रत्येक सेटलरची किंमत ३० ने वाढते, म्हणजे दोन सेटलर १९० ला पडतात. तीन स्लिंगर (गोफणवाले) प्रत्येकी ३५ ने आणि दोन वॉरियर प्रत्येकी ४० ने तयार केल्यास एकूण खर्च १८५ होतो. जवळपास त्याच खर्चात एकीकडे दोन नवी, एक वस्तीची शहरे मिळतात, तर दुसरीकडे शेजाऱ्याची वाढलेली, शेते आणि खाणी तयार असलेली राजधानी मिळण्याची शक्यता असते, आणि सैन्य हाताशी उरते ते निराळेच. शत्रूला मिळालेला आरंभीचा फायदा अशा रीतीने आपल्या पदरात पडतो. शेजारी नकाशावरील दहा-बारा घरांच्या अंतरावर असेल, तर मला युद्धाइतका लाभदायक मार्ग दुसरा दिसलेला नाही. तो डोंगररांगेपलीकडे किंवा फार दूर असेल, तर मात्र हा विचार सरळ सोडून द्यावा.

तयारीचा कणा म्हणजे स्लिंगर, म्हणजेच गोफण चालवणारी तुकडी. खानदेशात ज्वारीच्या राखणीसाठी मचाणावरून गोफण फिरवणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही तुकडी विशेष आपली वाटेल. पण तिचे खेळातील महत्त्व भावनेच्या पलीकडचे आहे. स्लिंगरची मारक शक्ती १५ असून त्याचा पल्ला अवघ्या एका घराचा असतो. आर्चरची, म्हणजे धनुर्धाऱ्याची, मारक शक्ती २५ आणि पल्ला दोन घरांचा असतो, मात्र त्याला ६० उत्पादन लागते. म्हणून आरंभी स्वस्त स्लिंगर उभे करावेत, त्यांपैकी एकाकडून एखादी रानटी तुकडी मारून घ्यावी आणि आर्चरी विद्येचा युरेका, म्हणजे ठरावीक कामगिरीबद्दल मिळणारी सवलत, मिळवावा. त्यामुळे त्या विद्येचे ४० टक्के काम आपोआप पूर्ण होते. दरम्यान सोने कशावरही खर्च न करता साठवावे आणि विद्या हाती येताच सर्व स्लिंगरांचे एकाच वेळी आर्चर करावेत. स्लिंगरचा तो शेवटचा घाव अतिशय जपून साधावा लागतो: वॉरियरने रानटी तुकडीला आधी दुबळे करायचे आणि अखेरचा दगड गोफणीतूनच जाऊ द्यायचा. येथे घाई करून वॉरियरनेच काम संपवले, तर युरेका हातचा जातो आणि मोहीम अनेक टर्न मागे पडते.

विद्यांखेरीज खेळात संस्कृतीचा वृक्ष, म्हणजे क्रमाने मिळवायच्या टप्प्यांची मांडणी, असतो; त्यात क्राफ्ट्समनशिप लवकर घ्यावी. आपल्या प्रदेशातील तीन घरे सुधारली की तिलाही युरेकासारखी सवलत, म्हणजे प्रेरणा, मिळते, आणि तिच्यातून येणारे अगोगे हे पॉलिसी कार्ड (राज्याचे धोरण) प्राचीन व अभिजात युगांतील पायदळ आणि धनुर्धारी यांच्या उत्पादनात ५० टक्के वाढ करते. अगोगे लावल्यानंतरच सैन्याचा मोठा भाग तयार करावा, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या खेळाडूला आवर्जून सांगतो. त्याआधी बिल्डर (जमीन सुधारणारे) आणि स्काउट (टेहळणी करणारे) यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण शेजाऱ्याच्या शहराभोवतालची जमीन आधी पाहून ठेवलेली नसेल, तर पुढचे सगळे नियोजन अंधारात होते.

प्रत्यक्ष लढाईचे गणित फार सुबक आहे आणि ते समजून घेतल्यावर खेळाचा आनंद दुणावतो. प्रत्येक तुकडीची हेल्थ १०० असते. दोन समान बळाच्या तुकड्या भिडल्या, तर दोघांचेही साधारण ३० चे नुकसान होते. बळात १० चा फरक असेल, तर बलवान तुकडी सुमारे ४५ चे नुकसान करते आणि स्वतः सुमारे २० चे सोसते. म्हणजे लहान लहान अधिक-उण्यांची बेरीज येथे निर्णायक ठरते. टेकडी किंवा जंगल यांतील बचावकर्त्याला प्रत्येकी ३ बळ अधिक मिळते आणि नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याला तोटा होतो. जखमी तुकडीचे बळही उतरत जाते, त्यामुळे सर्व आर्चरांनी एकाच तुकडीवर मारा करून ती संपवणे हे चार तुकड्यांना थोडे थोडे जखमी करण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त असते. संस्कृतीच्या वृक्षातील पॉलिटिकल फिलॉसॉफी लवकर मिळून ऑलिगार्की ही शासनपद्धती स्वीकारता आली, तर पायदळाला ४ बळ अधिक मिळते, म्हणजे डीइटी पातळीने शत्रूला दिलेले ४ बळ तेथेच फिटते. धनुर्धाऱ्यांना मात्र हा लाभ नाही, हे लक्षात ठेवावे.

चाल करताना मी वॉरियर पुढे टेकडीवर अथवा जंगलात बसवतो, त्यांच्यामागे आर्चर ठेवतो आणि युद्ध पुकारल्यानंतर लगेच शहराकडे धावत नाही. संगणकाचे राज्य आपले वॉरियर आवेशाने पुढे पाठवते. त्यांना आपल्या निवडलेल्या जागी येऊ द्यावे आणि बाणांनी संपवावे. शहराबाहेरचे सैन्य संपले की निम्मी मोहीम फत्ते झालेली असते. मग शहराला वेढा द्यायचा. शहराची हेल्थ २०० असते आणि ती प्रत्येक टर्नला २० ने भरून येते, परंतु भोवतालची सर्व घरे आपल्या तुकड्यांच्या प्रभावाखाली असतील, तर ही भरपाई थांबते. प्रत्येक घरावर तुकडी उभी असण्याची गरज नाही. वॉरियरच्या शेजारची घरेही त्याच्या प्रभावात येत असल्याने तीन योग्य ठिकाणे धरली तरी बहुधा पुरते. आर्चर शहराला जर्जर करू शकतात, पण ते काबीज करण्यासाठी हातघाईची तुकडीच आत शिरावी लागते. म्हणून एक वॉरियर ताजातवाना राखून ठेवणे अगत्याचे आहे.

हे सारे तट नसलेल्या शहराविषयी झाले. मेसनरी (दगडी बांधकामाची) विद्या येऊन शत्रूने तट बांधला की चित्र पूर्णपणे पालटते. तटाला स्वतंत्र हेल्थ असते, त्याच्यावर बाणांचा परिणाम निम्म्यावर येतो, तलवारीचा तर नाममात्र उरतो, आणि तोवर मुकाट मार खाणारे शहर प्रत्येक टर्नला आपल्यावर मारा करू लागते. हा फरक आपल्याच भागाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १६०० मध्ये अकबराच्या फौजा खानदेशात उतरल्या तेव्हा फारुकी राजांची राजधानी बुऱ्हाणपूर त्यांना विनासायास मिळाली. परंतु बहादूरशाह फारुकी जेथे जाऊन बसला होता, तो असीरगड हाती यायला जानेवारी १६०१ उजाडला, आणि तोही थेट हल्ल्याने नव्हे, तर महिनोन्महिने वेढा घालून. खेळाच्या रचनाकारांनी तटाला दिलेले हे महत्त्व मला अगदी यथार्थ वाटते. नकाशावर शहराभोवती दगडी कडे दिसू लागले आणि आपल्याजवळ केवळ आर्चर असतील, तर तह करून परतावे. पुढे जायचेच असेल, तर बॅटरिंग रॅम, म्हणजे तट फोडणारा ओंडका, बरोबर हवा. तो ६५ उत्पादनात तयार होतो आणि त्याच्या साहाय्याने पायदळाला तटावर पूर्ण ताकदीने घाव घालता येतो, घोडदळाला मात्र नाही. कॅटापल्ट (दगड फेकणारे यंत्र) अधिक जोरदार आहे, पण तो येईपर्यंत आरंभीच्या आक्रमणाचा काळ सरलेला असतो.

घोडदळाचा मार्गही उत्तम आहे. हॉर्समनचे बळ ३६ आणि चाल ४ असल्याने तो तट नसलेल्या सपाट प्रदेशात विजेसारखा फिरतो. त्याच्याविरुद्ध भालाईताला १० बळ अधिक मिळून ते ३५ होते, म्हणजे तेथेही जवळजवळ बरोबरी साधते. गॅदरिंग स्टॉर्मनंतर घोड्यांचा साठा मोजून खर्च होतो, त्यामुळे घोडे जवळ नसतील, तर या मार्गाचा हट्ट धरू नये.

नेत्यांपैकी गिल्गामेशचा सुमेर या कामासाठी सर्वांत सोपा आहे. त्याचा वॉर कार्ट हा रथ कोणत्याही विद्येशिवाय पहिल्या टर्नपासून बांधता येतो, त्याचे बळ ३० आहे आणि भालाईतापुढे तो दुबळा पडत नाही. अझ्टेकांचा ईगल वॉरियर २८ बळाचा असून पराभूत शत्रूला बिल्डर बनवून आणतो, त्यामुळे युद्ध चालू असतानाच मागे आपली शेती वाढत राहते. माझा स्वतःचा ओढा मात्र चंद्रगुप्ताकडे आहे. त्याला मिलिटरी ट्रेनिंगनंतर प्रदेशविस्ताराचे युद्ध पुकारता येते आणि पहिले दहा टर्न त्याच्या सैन्याला ५ बळ व २ चाल अधिक मिळते. वरू हा त्याचा हत्ती ४० बळाचा आहे, त्याला घोड्यांच्या साठ्याची गरज लागत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या शत्रूचे बळ तो ५ ने घटवतो. दोन वरू शेजारी उभे करून शहराकडे सरकताना शत्रूची फळी ज्या प्रकारे ढासळते, ते पाहण्यासारखे असते. तो किंचित उशिरा येतो, हे खरे. मराठ्यांना या खेळात स्वतंत्र स्थान नाही, याची खंत मात्र मनात राहते.

यंदा आखाजीला चोपड्याहून माझा भाचा आला होता, तेव्हा आम्ही एकाच लॅपटॉपवर हॉट सीट पद्धतीने, म्हणजे आळीपाळीने बसून, खेळलो. संगणकाविरुद्ध सहज यशस्वी होणारी चाल माणसाविरुद्ध तितकी चालत नाही, हे त्या सुट्टीत फार चांगले कळले. माझे तीन आर्चर सीमेवर दिसताच त्याने सगळे काम बाजूला ठेवून तट बांधायला घेतला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही इतक्या दुरून दिसलात, म्हणून मला वेळ मिळाला." त्याचे म्हणणे अचूक होते. माणसाविरुद्ध सैन्य धुक्याआड, म्हणजे त्याला नकाशावर न दिसणाऱ्या भागात, जमवावे लागते आणि युद्ध पुकारण्याच्या टर्नलाच सीमा ओलांडावी लागते. संगणकाचे राज्य मात्र सीमेवर जमलेल्या सैन्याचा अर्थ क्वचितच नीट लावते, आणि हा या खेळाचा माझ्या मते सर्वांत मोठा उणेपणा आहे. अतिरिक्त बळ देऊन कठीण केलेला शत्रू आणि विचाराने कठीण असलेला शत्रू यांत फार अंतर आहे. रचनाकारांनी दुसऱ्या प्रकारावर अधिक मेहनत घेतली असती, तर हा खेळ आणखी उंचीला गेला असता.

शहर जिंकल्यानंतरची जबाबदारी राइज अँड फॉलपासून वाढली आहे. नऊ घरांच्या आतील शहरांची लोकसंख्या परस्परांच्या निष्ठेवर दाब टाकते, त्यामुळे शत्रूच्या पोटात घेतलेले एकटे शहर काही टर्नमध्ये बंड करून हातातून निसटू शकते. याला दोन उपाय मी नेहमी योजतो. पहिला म्हणजे सीमेवरचे लहान शहर आणि राजधानी ही लागोपाठ घेणे, कारण दाबाचे मूळ बहुधा राजधानीच असते. दुसरा म्हणजे व्हिक्टर या गव्हर्नरची नेमणूक. इतर गव्हर्नरांना शहरात स्थिर होण्यास पाच टर्न लागतात, त्याला तीन पुरतात, आणि गव्हर्नर असलेल्या शहराच्या निष्ठेला प्रत्येक टर्नला ८ ची भर मिळते. तह करताना जिंकलेली शहरे रीतसर आपल्याकडे सोपवून घ्यावीत, त्याशिवाय त्यांचा पूर्ण लाभ मिळत नाही. आधी जाहीर निंदा करून पाच टर्न थांबून पुकारलेल्या युद्धामुळे इतर राज्यांचा रोष अचानक केलेल्या युद्धापेक्षा कमी ओढवतो. पण त्या पाच टर्नमध्ये तट उभा राहण्याची भीती असेल, तर मी रोष पत्करतो.

लॅपटॉपविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा कडाका असतो आणि वीजही अधूनमधून जाते. साध्या लॅपटॉपवर त्रिमितीय नकाशा चालवल्यास यंत्र फार तापते. अशा वेळी स्ट्रॅटेजिक व्ह्यू हा सपाट नकाशा वापरावा. त्यात यंत्रावरचा भार कमी होतोच, शिवाय टेकड्या, नद्या आणि तुकड्यांची ठिकाणे अधिक स्पष्ट दिसतात. आपोआप होणारे सेव्ह प्रत्येक टर्नला होईल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून ठेवावी. खेळ मराठीत उपलब्ध नाही, त्यामुळे शाळकरी मुलांना पहिले काही दिवस मोठ्या माणसाने शेजारी बसून पॉलिसी कार्डे वाचून दाखवावी लागतात. अशा नव्या खेळाडूने प्रिन्स पातळीवर, लहान नकाशावर आणि सुमेर घेऊन सुरुवात करावी. तेथे संगणकाला अतिरिक्त बळ नसते, त्यामुळे तट नसलेल्या शहराला वेढा कसा द्यायचा, हे पहिल्याच दोन-तीन डावांत नीट शिकता येते.