सिडकोत पार्सल टाकणारी कुरिअर सर्व्हिस: खोका दुसऱ्याचा, गेट आमचं

पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक तर फक्त पार्सल आणणाऱ्या पोरासाठी.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, उगं वाद नको. संभाजीनगरात सिडको-हडकोत ज्यांची पोरं दिवसभर मोठाल्या बॅगा पाठीला लावून फिरतात त्यातलीच एक समजा. रिव्ह्यू सगळे "माझं पार्सल आलंच नाही" वाले असतात, माझं उलटं आहे. दुसऱ्याचं पार्सल आमच्याकडं आलं आणि ते देऊन टाकायला जो ताप झाला त्याचं लिहायलोय.

आमचं घर एन-९ ला. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सिडकोच्या पत्त्यात आधी एन नंबर, मग एक इंग्रजी अक्षर, मग आकडा, मग तिरकी रेघ आणि घराचा नंबर, असं सगळं असतं. सगळं नीट वाचलं तर नवखा माणूस पण बरोबर दारात येतो, पण वाचतं कोण, पोरं सरळ फोन लावून "टीव्ही सेंटरकडून येऊ का बजरंग चौकाकडून" एवढंच विचारतात. आता गंमत अशी की आमच्या घराचा जो नंबर आहे, अक्षरासकट, तोच नंबर एन-११ मधल्या एका घराचा पण आहे. फरक फक्त नऊ आणि अकराचा.

तर दुपारी आई एकटी घरी, त्यात नळाला पाणी आलेलं (किती दिवसांनी येतं ते इथल्यांना सांगायला नको), ती पाइप घेऊन टाकीपाशी. पोरगं गेटवरूनच "काकू पार्सल" म्हणलं, खोका आत ठेवला, फोटो काढला आणि गेलं. पैसे आधीच भरलेले त्यामुळं ओटीपी नाही, सही नाही, काहीच नाही. संध्याकाळी मी बघतो तर नाव भलत्याच बाईंचं आणि एन-११ असं ठळक छापलेलं.

मला वाटलं फोन करू आणि देऊन टाकू, पाच मिनिटाचं काम. पण लेबलवर फोन नंबरच नाही. आजकाल झाकतात म्हणे, आणि ते बरंच आहे, लेकीबाळींचे नंबर खोक्यावर छापून गावभर फिरू नयेत, पण मग चुकलं तर कुणाला विचारायचं याची सोय कंपनीनं करायला पाहिजे ना. कस्टमर केअरला फोन लावला तर पार्सल मिळालं नाही यासाठी एक दाबा, कुठपर्यंत आलं यासाठी दोन, पार्सल पाठवायचं असेल तर तीन. दुसऱ्याचं पार्सल माझ्याकडं आलंय यासाठी दाबायला काहीच नाही!! शेवटी एक दाबला, तर म्हणतं तुमच्या मोबाईल नंबरवर कुठलीच ऑर्डर नाही. चॅटवर गेलो, लेबलवरचा लांबलचक नंबर टाकला, तर उत्तर आलं की तुमचं पार्सल यशस्वीरीत्या पोचलं आहे, आम्हाला रेटिंग द्या. हे घ्या मग रेटिंग.

बऱ्याच खटपटीनं एक जिवंत माणूस मिळाला. तो म्हणे, "सर, ज्यांची ऑर्डर आहे त्यांनाच कॉल करायला सांगा." म्हणलं अहो त्यांचा नंबर तुम्हीच झाकलाय, मी कसं सांगू. तर म्हणे, "हो सर, प्रायव्हसी पॉलिसी आहे सर." गोड बोलतात सगळे, त्यात खोट नाही. अठ्ठेचाळीस तासांत पिकअपला माणूस येईल म्हणले, तो काही आला नाही.

कुणी म्हणेल पत्ता लेबलवर होता, एन-११ काय लांब आहे का, पहिल्याच दिवशी नेऊन द्यायचं. तेच करणार होतो, पण मेहुण्यानं अडवलं आणि त्याचं बरोबर होतं. कंपनीच्या रेकॉर्डला पार्सल पोचलं असं लागलेलं, फोटोत गेट आमचं, उद्या त्या बाईंनी तक्रार केली आणि मी खोका कुठलाच पुरावा न ठेवता देऊन बसलो तर कुणाच्या नावानं बोंब होईल? कायदा पण साधा आहे, चुकून हातात आलेली वस्तू परत करावीच लागते, १८७२ च्या करार कायद्यात कलम ७२ तेच सांगतं, आणि बेइमानीनं ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं, पूर्वी हेच भादंवि ४०३ होतं. म्हणून "आलंय तर राहू दे, फुकटचं" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकू नका. आमच्या गल्लीत आहेत असे.

शेवटी कामाला आलं ते तेच पोरगं. दुसऱ्या कुणाचं तरी पार्सल घेऊन गल्लीत आलं होतं, मी गाठलं. ते बिचारं घाबरलंच, म्हणलं, "भाऊ, एकदा डिलिव्हर्ड मारलं की मला मागं घेता येत नाही, वर कळलं तर माझ्यावर येईल." म्हणलं घाबरू नको, सोबत चल फक्त. राहिलेली पार्सलं टाकून आलं खरंच, त्याच्याच गाडीवर आम्ही एन-११ ला गेलो. एका खोक्यामागं किती रुपये मिळतात आणि उन्हातान्हात दिवसाला किती टाकावे लागतात ते त्यानं वाटेत सांगितलं, ते ऐकल्यावर पत्त्यातला एन कुणी वाचत नाही याचा राग मला तरी त्याच्यावर काढता येईना.

ताईंनी दार उघडलं, खोका बघितला आणि आधी मोबाईलच पुढं केला. कंपनीनं त्यांना पुरावा म्हणून पाठवलेला फोटो. त्यात आमचं निळं गेट, आमचा हिरवा पाइप आणि कोपऱ्यात माझी डावी चप्पल. "भाऊ, आमच्या घराला गेटच नाही, चॅनल आहे, सांगून सांगून थकले, तर म्हणतात फोटोत डिलिव्हरी दिसतेय मॅडम." आत होतं काय तर सासूबाईंसाठी बीपी मोजायची मशीन, आणि वाट बघून त्यांनी तोवर मेडिकलवरून दुसरी आणलेली. म्हणजे बघा, माझ्याकडं खोका पडून, तिकडं त्यांचं भांडण चालू, कंपनीकडं दोघांचे फोन गेलेले आणि दोन्ही जोडून बघायची अक्कल कुणालाच झाली नाही. मी देताना खोक्याचा फोटो काढला, ताईंकडून व्हॉट्सॲपवर "मिळालं" असं लिहून घेतलं, चहा घेतला, विषय संपला.

माझं म्हणणं असं आहे की या कंपनीचं गिऱ्हाईक ना मी, ना त्या ताई. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे माल पाठवणारा, त्याच्या हिशोबात हिरवी खूण दिसली की यांचं काम झालं. म्हणून तुमचं पार्सल दुसरीकडं पडलं तर कुरिअरवाल्याच्या मागं लागून वेळ घालवू नका, ज्या ॲपवरून घेतलं त्यालाच धरा. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत निपटारा करायचा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याच्या पण पुढं जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखापर्यंतच्या मालाला फी लागत नाही. ताईंना हे सांगितलं, मशीन परत घ्या आणि पैसे द्या म्हणून त्यांनी ॲपवर तक्रार टाकली.

आणि हो, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, ॲपमध्येच बघा. शोधून मिळालेले काही नंबर चोरांचेच असतात, पत्ता चुकलाय दहा रुपये भरा म्हणून लिंक पाठवतात, नाहीतर स्टार चारशे एक स्टार लावून पुढं एक नंबर दाबायला सांगतात आणि तुमचे कॉल, ओटीपीचे सुद्धा, त्यांच्याकडं वळतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पिनकोडवर फार भरवसा ठेवू नका. १५ ऑगस्ट १९७२ पासूनची पद्धत, पोस्टाच्या कामाला झकास, पण एका पिनमध्ये अर्धं सिडको येतं. वर नांदेडला पण सिडको आहे, त्यांचा पिन ४३१६०३ आणि आमचा ४३१००३, एक आकडा इकडं तिकडं झाला की पार्सल मराठवाडा दर्शन करून येतं. काही ॲपवर अजून जुनंच औरंगाबाद दिसतं, त्याच्या शेजारी बिहारचं औरंगाबाद, तिथला पिन ८ नं सुरू होतो एवढं बघून घ्या. टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन काढलंय, साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा कोड, मी आमच्या गेटचा काढून ठेवलाय, पण या कंपनीच्या ॲपमध्ये तो टाकायला रकानाच नाही. तोवर पत्त्यात एन नंबर आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहा, "एन-९ (नऊ)" असं, आणि जवळची खूण म्हणून चौक नको, गल्लीतलं दुकान लिहा.

वेगाला नावं ठेवणार नाही, पुण्याहून निघालेलं दुसऱ्या दिवशी येतं, खोके फाटलेले नसतात, पोरं नीट बोलतात. स्वस्तातली वस्तू असेल तर मागवा खुशाल. पण औषध, कागदपत्रं, राखी असलं काही असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा, आमच्याकडचा पोस्टमन नुसतं आडनाव वाचून सांगतो हे नऊचे का अकराचे.